२३ किलोत पुणं: मे महिन्यातले पाच दिवस

जर्मनीत श्टुटगार्टसारख्या शहरातल्या भारतीय दुकानात तूरडाळ मिळते, जाडे पोहे मिळतात, साबुदाणा, हिंग, राजगिऱ्याचं पीठसुद्धा मिळतं. सांबार मसाल्याचे चार प्रकार फळीवर असतात. गोडा मसाला मात्र असला तर असतो, आणि पुडी फोडली की धण्याखेरीज दुसरा वास येत नाही. भाजणी, मेतकूट, डांगर, कुरडया यांचं तर नावच काढायला नको.

म्हणून पुण्याच्या सुट्टीतले पाच दिवस नुसते बॅग भरण्यासाठी राखून ठेवले. मे महिना मुद्दाम निवडला, कारण मसाले आणि वाळवणं यांचा हंगाम तोच. एक नियम आधीच ठरला होता: तिथे बनवता येतं ते इथून न्यायचं नाही. बाकरवडीचं पाकीट आठवड्यात संपतं, पाव किलो मेतकूट तीन महिने पुरतं. २३ किलोंच्या बॅगेत तयार खाऊ कमी आणि पिठं-मसाले जास्त, हे गणित एकदा डोक्यात बसलं की लक्ष्मी रोडवरचे मोह बरेच आवरतात. सगळे आवरत नाहीत.

पहिला दिवस: भुसार, मसाल्याची यादी आणि खोबऱ्याची भानगड

सुरुवात मसाल्यापासून करायची, कारण त्याला वेळ लागतो. सामान आणणं, निवडणं, ऊन दाखवणं, भाजणं, कुटणं, मग रात्रभर गार करणं. शेवटच्या दिवशी घाईत कुटलेला मसाला गरम असतानाच पिशवीत भरला जातो, आत वाफ धरते आणि महिन्याभरात त्याला कुबट वास येतो.

सकाळी मिसळ खाऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसार विभाग गाठला. साडेनऊलाच ऊन चटके देत होतं. किलो-दोन किलोच्या गिऱ्हाइकाकडे घाऊक गाळेवाले फारसं बघत नाहीत, पण मिरच्या आणि धणे यांचा ताजा माल डोळ्यांनी बघायला ही जागा उत्तम. नवे धणे हिरवट-पिवळे असतात, तळहातावर चोळले की लगेच वास सुटतो. तपकिरी पडलेले धणे जुने. बेडगी मिरची सुरकुतलेली आणि लांब असते. ती रंगाला घ्यायची, तिखटाला नाही. गोड्या मसाल्यात मिरचीचं काम रंग आणि थोडी ऊब एवढंच.

खडा मसाला रविवार पेठेत घेतला. तिथल्या एका जुन्या दुकानात दगडफुलाचे दोन ढीग होते. काळपट-पांढरं, पातळ, चुरगळताना मऊ लागणारं दगडफूल चांगलं. दुसऱ्या ढिगात सालीचे तुकडे आणि माती होती. दगडफूल झाडांच्या सालीवर आणि खडकावर वाढतं, त्यामुळे थोडी माती येणारच. पण निवडून, चाळून मगच तेलात टाकायचं, नाहीतर आमटीत कचकच लागते. गोड्या मसाल्याचा जो वास परदेशात आठवतो तो बराचसा या दगडफुलाचा आणि नागकेशराचा. बाजारी मसाल्यात नेमके हेच दोन जिन्नस हात आखडून घातलेले असतात.

अर्धा किलो धण्यांच्या हिशेबाने यादी अशी झाली: सुकं खोबरं १५० ग्रॅम, तीळ १००, जिरे ५०, बेडगी मिरची ५०, दगडफूल २५, शहाजिरे २०, हळकुंडं २०, दालचिनी १५, आणि लवंग, काळी मिरी, तमालपत्र, नागकेशर, मसाला वेलची, खडा हिंग हे प्रत्येकी १०. भाजताना आणि कुटताना घट धरून ९०० ग्रॅमच्या आसपास मसाला हाती येतो. रोज एक चमचा आमटीत गेला तरी दहा महिने निघतात.

यादीत 'खोबऱ्याच्या वाट्या, २ किलो' अशीही एक ओळ होती. तिथे वाटणासाठी लागतील म्हणून. दुकानदार काकांनी ती वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"बाहेरगावी न्यायच्यात का? विमानाने? मग राहू द्या. काढून घेतील."

ते खरं आहे. सुकं खोबरं, म्हणजे कोप्रा, विमान वाहतुकीच्या नियमांत स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. यूएन १३६३ हा त्याचा क्रमांक आणि ४.२ हा वर्ग. तेलकट खोबरं दमट, कोंदट जागेत साठलं की तेलाचं ऑक्सिडीकरण होऊन ते आतल्या आत तापत जातं. त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेतही नकोत आणि चेक-इनमध्येही नकोत. किसून, भाजून, मसाल्यात कुटलेल्या खोबऱ्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. थोडक्यात, खोबरं न्यायचं तर मसाल्याच्या पोटातून न्यायचं.

तिथल्या वाटणासाठी जर्मन दुकानांत केकसाठी ठेवलेला बिनसाखरेचा खोबऱ्याचा कीस चालतो. तो बारीक आणि फार कोरडा असतो, म्हणून लवकर करपतो. मंद आचेवर, सतत हलवत, बदामी रंगाच्या अलीकडेच उतरवायचा. गरम कढईत तो पुढे आणखी एक छटा घेतो.

खसखशीचंही इथेच सांगून टाकावं. काही घरांत गोड्या मसाल्यात खसखस घालतात. जर्मनीत ती पावावर लावलेली असते, तिथे अडचण नाही. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या वस्तूंत येते. दुबईला मुक्काम असेल, किंवा नुसतं दुबईत उतरून विमान बदलायचं असेल, तरी मसाल्यातून ती वगळलेली बरी. चवीत फरक पडत नाही, तीळ पाच-दहा ग्रॅम वाढवले की झालं.

दुसरा दिवस: कांडप, आणि संध्याकाळचा वळीव

सकाळी सहाला गॅस पेटवला, कारण दहानंतर मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात कोणी उभं राहू शकत नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. सगळं एकत्र टाकून मोकळं होण्याचा मोह होतो, आणि मसाला बिघडण्याचं पहिलं कारण तेच. लवंग फुगेपर्यंत तीळ जळून कडू झालेले असतात.

आधी कोरडे जिन्नस: धणे मंद आचेवर, वास सुटून किंचित रंग बदलेपर्यंत. जिरे आणि शहाजिरे वेगवेगळे, जेमतेम गरम. तीळ तडतडू लागले की खाली. खोबऱ्याचा कीस तपकिरी. मग कढईत दोन-तीन चमचे तेल आणि त्यात एकेक करून हळकुंड, खडा हिंग, दालचिनी, लवंग, मिरी, वेलची, नागकेशर, तमालपत्र, दगडफूल आणि शेवटी मिरच्या. हिंग फुलून आतपर्यंत कुरकुरीत झाला पाहिजे, नाहीतर कुटताना त्याची गोळी होते. मिरच्या शेवटी, कारण एकदा त्यांचा ठसका उठला की पुढचं काही नीट भाजून होत नाही.

कांडपाच्या दुकानात रांग होती. मे महिन्यात असतेच. घरच्या मिक्सरवरही मसाला होतो, पण पातं तापतं, मसाल्याला तेल सुटतं आणि वास तिथेच उडून जातो. डंकाचे दणके सावकाश पडतात, मसाला फार तापत नाही. पुढे कोल्हापूरकडच्या एक मावशी पाच किलो कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या घेऊन बसल्या होत्या. गोड्या मसाल्याची पिशवी बघून त्यांनी विचारलं, "एवढासाच? कितीजण हायत घरात?" कांडपवाल्या ताईंनी आमचे सगळे डबे उघडून बघितले आणि खोबरं-तीळ बाजूला काढून ठेवले.

"हे शेवटी. आधी टाकलं तर चाळणी बुजते, मग बाकीचं जाडं राहतं."

घरी मिक्सरवर करणाऱ्यांनीही हाच क्रम धरावा. मिरचीचा मसाला कुटून झाल्यावर लगेच आपला नंबर आला, तर त्या घाण्यातलं तिखट आपल्या मसाल्यात उतरतं. शक्य असेल तर सकाळचा पहिला नंबर लावायचा. आम्हाला तो मिळाला नाही. ताईंनी मूठभर धणे आधी फिरवून ते बाजूला टाकले, तेवढ्याने काम भागलं.

कुटलेला मसाला परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून रात्रभर ठेवला.

दुपारी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक काढलेला. रात्रभर बसलेल्या चिकावरचं पिवळट पाणी ओतून टाकलं की खाली पांढरा घट्ट चीक उरतो. तो मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात ओतून घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. पाणी टाकायचा कंटाळा केला तर कुरडई आंबट होते. घोटलेला चीक कच्चा राहिला तर वाळताना तिला भेगा पडतात. शिजला हे कसं ओळखायचं, यावर गच्चीवर दोन मतं होती. एकीचं म्हणणं चीक काचेसारखा दिसला पाहिजे, दुसरीचं म्हणणं ओल्या बोटाला चिकटता कामा नये. दोन्ही खुणा एकाच वेळी दिसतात, त्यामुळे वाद मिटण्याचं काही कारण नव्हतं.

साडेचारला पश्चिमेकडून काळं भरून आलं. वळवाचा पाऊस पुण्यात सांगून येत नाही, पण धुळीची वावटळ आधी येते, आणि तेवढी दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत तीन मजल्यांवरची माणसं गच्चीवर धावली. प्लास्टिकचे कागद चारी टोकांनी उचलून जिन्यात आणले. अर्ध्या कुरडया एकमेकींना चिकटल्या. पुढचं काम पंख्याखाली झालं. पंख्याखाली वाळलेली कुरडई वरून कडक आणि आतून दमट राहते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालावीच लागते. परदेशी न्यायची असेल तर दोनऐवजी तीन उन्हं द्यायची. बॅगेत बुरशी धरण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच एक कमी पडलेलं ऊन.

त्यातल्या ४० कुरडया आमच्या वाट्याला आल्या. पैसे घ्यायला कोणी तयार झालं नाही. उलट वर डांगराचं पीठ मिळालं.

तिसरा दिवस: गिरणी

पाऊस पडून गेल्यावर सकाळ जरा गार होती. भाजणीचा दिवस.

थालीपिठाची भाजणी घरोघरी वेगळी असते, आणि ज्याच्या त्याच्या आजीचंच प्रमाण बरोबर असतं. परदेशी न्यायच्या भाजणीत मात्र एक बदल करावा: बाजरी कमी, ज्वारी जास्त. बाजरीत तेलाचा अंश अधिक असतो, दळल्यावर ती लवकर कडू पडते. किलोभरासाठी ज्वारी ४००, बाजरी १००, तांदूळ १५०, हरभरा डाळ १५०, उडीद डाळ १००, गहू ५०, धणे ४०, जिरे १० ग्रॅम आणि अर्धा चमचा मेथी असं घेतलं. उडीद डाळ गुलाबी होईपर्यंत, तांदूळ हलका फुगेपर्यंत, ज्वारी फुटायला लागेपर्यंत भाजायची. मेथी फार भाजली की सगळ्या पिठाला कडवटपणा येतो.

चकलीची भाजणी वेगळी: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, पोहे अर्धी वाटी, धणे-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. मोहन चार वाट्या पिठाला पाव वाटी, कडकडीत. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दात हलवते. तिथल्या हिवाळ्यात पीठ थंडगार असतं, मोहन घातल्याघातल्या निवतं आणि त्याचा उपयोग होत नाही. पीठ आधी तासभर उबदार खोलीत आणून ठेवावं.

मेतकुटाला एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव-पाव वाटी उडीद डाळ आणि गहू, चमचा-चमचा धणे आणि जिरे, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा मेथी, दोन-तीन सुक्या मिरच्या, सुंठ, हळद, हिंग. हे सगळं खमंग भाजायचं, पण रंग मेतकुटाचाच राहिला पाहिजे. करड्या रंगाचं मेतकूट म्हणजे डाळ करपली.

सदाशिव पेठेतल्या गिरणीत काकांनी तीन डबे ओळीत लावले. "मेतकूट पहिलं, बारीक. मग चकली. थालीपीठ शेवटी, जरा भरड. उलटं केलं तर मेतकुटात रवा येईल." शेजारी एक आजोबा फक्त पोळ्यांचे गहू घेऊन आले होते. भाजणीनंतर आपलं दळण लागणार म्हणून ते नाराज. काकांनी त्यांचे गहू दुसऱ्या जात्यावर लावले. पुण्यात गिरणीवाल्याशी हुज्जत घालायची नाही, हे त्या आजोबांनाही ठाऊक होतं. ते पुटपुटले, पण थांबले.

दळलेलं पीठ गिरणीतून गरम येतं. वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही. पोहोचल्यावर महिनाभराचं बाहेर, बाकीचं फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर हवेतली वाफ थंड पिठावर बसते आणि गुठळ्या होतात.

भाकरीचं पीठ नेण्याचा आग्रह अनेकांचा असतो. नेऊ नये. ज्वारीच्या साध्या पिठाची विरी महिन्याभरात जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. जुनं पीठ वापरणं भागच असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून, झाकून दहा मिनिटं ठेवून मग मळावं. तेवढ्याने भाकरी जमते, पण पहिल्या दिवसाच्या पिठाची गंमत येत नाही.

चौथा दिवस: मंडई, तुळशीबाग, तांबट आळी

महात्मा फुले मंडईची मधली अष्टकोनी इमारत १८८६ची. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मे महिन्यात तिच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते, कारण आंबा. पेटीशी उभं राहून वास घ्यायचा, चार घरी न्यायचे आणि पुण्यातच खायचे. युरोपियन संघात ताजी फळं नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन एवढी पाचच त्यातून सुटतात. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने भारतीय आंब्यांची आयातच थांबवली होती, ती २०१५ मध्ये उठली. तेव्हा बॅगेतला आंबा हा तिथे भावनेचा विषय नाही, फळमाशीचा आहे. आंबापोळी मात्र बेलाशक न्यावी.

ताज्या कढीपत्त्याचंही तेच. जुड्या घरी आणून, धुऊन, सावलीत वाळवून त्याची तीळ-डाळ्यांबरोबर चटणी कुटली. फोडणीतल्या पानाचा वास तिला येत नाही, पण दही-भाताला ती चालते.

आणि दूध. जर्मनीसकट सगळ्या युरोपियन संघात, तसंच ब्रिटनमध्ये, भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, चक्का, खवा आणि घरचं तूपसुद्धा बाद. बरणीभर तुपासाठी विमानतळावर रडारड करण्यात अर्थ नाही. जर्मन दुकानात बुटरश्माल्त्स नावाने शुद्ध लोणकढं मिळतं. मात्र ते गोड लोण्याचं असतं, म्हणून वास पुचाट. बिनमिठाचं, विरजण लावलेलं आंबट लोणी घरी कढवलं आणि खाली बेरी तपकिरी होऊ दिली, तर फार जवळ जाता येतं. श्रीखंडाला डब्यावर चाळीस टक्के स्निग्धांश लिहिलेला क्वार्क (मऊ, ताजं जर्मन चीज) फडक्यात बांधून चार तास टांगला की चक्का तयार. हे एवढं माहीत असलं की चितळ्यांच्या दुकानासमोरून नुसती बाकरवडी घेऊन परत फिरता येतं. अर्धा किलो. नियमाला तेवढा अपवाद.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी वेगळं: तिथे भारतातून येणाऱ्या प्रवाशाला तांदूळ नेता येत नाही, खापरा या साठवणीतल्या किडीच्या भीतीने. आंबेमोहोराची पिशवी तिथे काढून घेतली जाते. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहायची. लिहिली आणि काढून घेतली तर वस्तू जाते, न लिहिता सापडली तर दंडही बसतो.

तुळशीबागेत सोऱ्या, अप्पेपात्र आणि पुरणाची चाळणी घेतली. इथे घाई करू नये. सोऱ्याचा दट्ट्या आत घालून फिरवून बघावा. बाजूने बोटभर फट राहिली तर पीठ वरून उलटं येतं. चकलीच्या चकतीच्या दातांना धार हवी, बोथट दातांची चकली गुळगुळीत पडते आणि तेल पिते. पितळी सोऱ्या किलोभर वजन खातो, ॲल्युमिनियमचा त्याच्या निम्म्याहून कमी. बॅगेसाठी दुसरा बरा. अप्पेपात्र बिडाचंच, ते इंडक्शनवर चालतं. ॲल्युमिनियम आणि पितळ चालत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज वळणावरूनच येतो. कल्हई केलेलं पितळी पातेलं तिथून घ्यायचं मनात होतं. तिथल्या कारागिरांनी एकच प्रश्न विचारला, "शेगडी कसली?" काचेची म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कल्हईतलं कथील २३२ अंशांना वितळतं. गॅसवर आच दिसते, माणूस सावध असतो. काचेच्या विजेच्या शेगडीवर रिकामं पातेलं दोन मिनिटं विसरलं की कल्हई थेंबाथेंबाने तळाशी गोळा होते, आणि तिथे ती पुन्हा करून देणारं कोणी नाही. पातेलं आळीतच राहिलं. विकणाऱ्यानेच विकू नये म्हणून सांगावं, असं फार वेळा होत नाही.

कॅम्पात कयानी बेकरीची रांग ऊन कलल्यावरही रस्त्यावर आली होती. श्रूजबेरी बिस्किटांचे दोन डबे. बिस्किटांना युरोपात अडचण नाही, फक्त डबा बॅगेच्या मधोमध ठेवायचा.

पाचवा दिवस: बोहरी आळी आणि वजनकाटा

बोहरी आळीत जाड पिशव्या, चिकटपट्ट्या, सीलबंद करायचं छोटं यंत्र, सगळं एका गल्लीत मिळतं. मसाल्याला दोन पिशव्या, एकात एक, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. एकाच पिशवीत भरला तर त्याचा वास बॅगेतल्या कपड्यांतून आठवडाभर जात नाही. पीठ निर्वात करू नये, त्याची वीट होते आणि स्कॅनरवर ती संशयास्पद दिसते. सपाट पसरलेल्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या बऱ्या. प्रत्येकीवर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये नाव: 'भाजलेल्या धान्यांचं पीठ', 'मसाल्यांची पूड'. 'भाजणी' हा शब्द सीमाशुल्क अधिकाऱ्याला काही सांगत नाही.

लोणचं फक्त चेक-इनमध्ये. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या नियमात तेही द्रवातच मोजलं जातं. काचेची बरणी नको. रुंद तोंडाची प्लास्टिक बरणी, गळ्याशी दोन बोटं मोकळी, तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवून त्यावर झाकण, मग चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. मोकळी जागा महत्त्वाची. वर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि काठोकाठ भरलेल्या बरणीतून तेल बाहेर ढकलते.

कुरडया बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून. विळी आणि सोऱ्या चेक-इनमध्ये, विळीच्या पात्याला पुठ्ठ्याचं म्यान.

काट्यावर आकडा आला २५.४. दोन किलो चारशे ग्रॅम काढायचे. आधी साबुदाणा गेला, तो तिथे मिळतोच. मग पोहे. मग चिवड्याचं पाकीट आणि आंबापोळीचा अर्धा गठ्ठा. मसाला, भाजण्या, मेतकूट, डांगर जागचं हललं नाही. बाकरवडीवर चर्चा झाली आणि ती हातातल्या बॅगेत गेली.

द्रुतगती मार्गावर लोणावळ्याच्या घाटात पुन्हा वळीव लागला. मुंबईला तासभर उशिरा पोहोचलो, एवढंच.

पोहोचल्यावर

फ्रँकफर्टला लाल मार्गाने जाऊन यादी दाखवली. अधिकाऱ्याने दूध आणि मांस आहे का एवढंच विचारलं, मसाल्याची एक पिशवी हातात घेऊन वास घेतला, आणि ठेवून दिली.

लोणचं गळलं नाही. गोड्या मसाल्याचा वास तसाच. थालीपीठ मात्र पहिल्या दिवशी फसलं: विजेच्या शेगडीवर तवा मध्यभागी तापतो, कडा थंड राहतात, आणि थालीपीठ मधे करपून कडेला कच्चं राहतं. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं आधी तापवला, थालीपीठ तव्यापेक्षा दोन बोटं लहान थापलं, मधल्या भोकांत तेल सोडून झाकण ठेवलं, तेव्हा जमलं. पापड भाजायला ज्वाला नाही. मायक्रोवेव्हमध्ये दोन्ही बाजूंना तेलाचा हात लावून ४०-५० सेकंद.

मऊ भाताला तिथला खिरीचा आखूड तांदूळ घ्यावा. वास आंबेमोहोराचा नाही, पण गिचका तसाच होतो, आणि वर मेतकूट आणि तूप पडलं की वासाचा प्रश्न मेतकूट सोडवतं.

पत्र्याच्या डब्यातल्या ४० कुरडयांपैकी १७ अख्ख्या निघाल्या. उरलेल्यांचा चुरा गरम पाण्यात सात-आठ मिनिटं भिजवून निथळला. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, त्यावर चुरा, मीठ घालून झाकण ठेवून एक वाफ. वरून कोथिंबीर, ती तुर्की दुकानातली. पोळीबरोबर ती भाजी त्या १७ अख्ख्या कुरडयांच्या आधी संपली.